टोपलीतून माझा आवाज

पौष लागला की आमच्या कॉलनीत सकाळी सगळ्यात आधी मीठ येतं. मीठवाला स्वतः काही बोलत नाही. तो गाडा ढकलतो आणि गाड्याच्या दांडीला तारेनं बांधलेला भोंगा बोलतो. त्याच्या मागून भंगारवाला, मग गादी पिंजून देणारा, मग कुकर-मिक्सर दुरुस्ती, मग जुन्या साड्यांवर भांडी देणारी जोडी. प्रत्येकाकडं भोंगा आहे आणि सगळ्या भोंग्यांत आवाज एकाच बाईचा आहे, असं मला वाटतं. कुठल्या तरी मोठ्या शहरात, बंद खोलीत बसून तिनं एकदाच सगळं बोलून ठेवलं असणार. तेव्हापासून ती जालन्यात कांदे विकते, बंद पडलेले फ्रिज विकत घेते आणि गाद्या पिंजून देते. तिचा घसा बसत नाही. तिला ठसका लागत नाही. बाळ झोपलेल्या घरापुढं ती आवाज खाली करत नाही आणि एखाद्या दारात मांडव असो की मयत, तिचा उत्साह तेवढाच असतो.

सात वाजता घंटागाडी येते. तिच्यात एक गाणं आहे आणि गाण्याच्या मध्येच ओल्या-सुक्या कचऱ्याची सूचना आहे, अगदी शुद्ध भाषेत. आमच्या कॉलनीत इतक्या आदरानं रोज कुणी कुणाला 'कृपया' म्हणत नाही. कचऱ्यालाच तो मान आहे.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी शहरातल्या गमतीजमतींवर काहीतरी लिही, असं सरांनी सांगितलं म्हणून मी हे भोंग्यांचं लिहायला घेतलं. दोन परिच्छेद झाले. मग आठवलं, की मागच्या पौषात या भोंग्यांमध्ये एक आवाज माझाही होता. त्यानंतर गंमत लिहवेना. जे लिहवतंय ते लिहिते. अंकात बसेल की नाही, माहीत नाही.

मी चार वर्षांच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चौथीत शाळा सोडली. मायला शाळेत घातलंच नव्हतं. गाव बदनापूरपासून थोडं आत आहे. मी जालन्यात कॉलेजमागच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर, प्रतीक्षा नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली करून राहते. घरी मी आईला माय म्हणते आणि कॉलेजात तिच्याविषयी बोलताना आई म्हणते. हे मी ठरवून कधी केलं, ते आठवत नाही. पण चुकून एकदाही उलटं झालेलं नाही, म्हणजे ठरवूनच केलेलं असणार.

पौषातलं जालना मला आवडतं. सकाळी लोखंडाच्या कारखान्यांचा धूर खाली येऊन बसलेला असतो आणि एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीची माणसं माकडटोप्या घालून, हँडलला डबे अडकवून त्या धुरातून जातात. कॉलेजात हे दिवस 'डे'चे. साडी डे, टाय डे, मिसमॅच डे. मिसमॅच डेला सगळ्या जणी मुद्दाम न जुळणारे कपडे घालून येतात. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. मी मामाच्या मुलीचा जुना स्वेटर, एका ड्रेसची सलवार आणि दुसऱ्या ड्रेसची ओढणी अशी रोजच्यासारखी गेले, तर एक मुलगी कौतुकानं म्हणाली, "भारी गं, एकदम नॅचरल वाटतंय!" मी हसून थँक्यू म्हणाले. दिवसभर फोटोंत मीच मध्ये होते.

आणि याच दिवसांत माय ढाळे घेऊन जालन्याला यायची. ढाळे म्हणजे घाटे भरलेला हिरवा हरभरा, मुळासकट उपटून जुड्या बांधलेला. उजाडायच्या आधी हरभऱ्यावर दव असतं आणि त्या दवात पानांची आंब उतरलेली असते. ती चाटली की जीभ झिणझिणते आणि बोटांच्या चिरांत गेली की डोळ्यांतून पाणी काढते. माय तशा ओल्यातच जुड्या बांधायची, टोपलं भरायची, दादा तिला मोटारसायकलवर बदनापूर स्टेशनला सोडायचे. पॅसेंजरनं ती जालन्याला उतरायची. संक्रांतीच्या आठवड्यात टोपल्यात बोरं, गाजरं, ओंब्या, उसाची कांडकी असं सुगडाचं सगळं सामान असायचं. टोपलं तेव्हा इतकं भरायचं, की लांबून एक छोटं शेतच गल्लीतून चालत येतंय असं वाटायचं.

तिच्याकडं भोंगा नव्हता. तिला लागतच नव्हता.

"घाटे भरले वोऽऽ, ढाळे आले वोऽऽ!"

पहिल्या 'वो'ला आवाज वर जायचा आणि दुसऱ्या 'वो'ला तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन मग खाली बसायचा. मध्येमध्ये ती माणसांनाही ओवायची. "निकिताच्या मम्मीऽऽ, कालच्याहून कवळे हायेत बरं का!" समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्या फाटकापाशी आली की, "मास्तरऽऽ, दात हायेत तवर खाऊन घ्या!" मास्तर खिडकीतून ओरडायचे, "वरचे आहेत, खालचे गेले!" "मंग वरच्यांनी खा!" असं म्हणून ती पाटी उतरवायची. मास्तर रोज एक जुडी घ्यायचे.

मला हे सगळं वरून ऐकू यायचं. तिचा आवाज कोपऱ्यावर आला की मी बाथरूममध्ये जायचे, नाहीतर कानात इअरफोन घालायचे. प्रतीक्षाला मी सांगितलं होतं की वडील शेती करतात आणि आई घरीच असते. मायला सांगितलं होतं की मालकांना खोलीवर कुणी आलेलं आवडत नाही, म्हणून वर येऊ नको, नावानं हाक मारू नको. तिनं का म्हणून विचारलं नाही. रोज ती फाटकाच्या कडीला एक जुडी अडकवून पुढं जायची. प्रतीक्षा ती काढून आणायची. "ही ढाळेवाली रोज कुणासाठी ठेवते गं?" ती विचारायची. मी म्हणायचे, "मालकीणबाईंनी सांगितलं असेल." मग आम्ही दोघी गॅसवर जाळी ठेवून ते घाटे भाजायचो. प्रतीक्षा तीर्थपुरीची, तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. तिची बोटं काळी व्हायची नाहीत, कारण सोलून मी द्यायचे. एवढं करून मला काहीतरी फेडल्यासारखं वाटायचं, पण कुणाचं, ते कळायचं नाही.

प्रतीक्षाला देवानं कान दिलेत. कुणाचाही आवाज ती दोन दिवसांत उचलते. मागच्या वर्षी गॅदरिंगला तिनं 'आमच्या गल्लीचे आवाज' असा एकपात्री कार्यक्रम केला. आधी घंटागाडी केली, मग भंगारवाला, मग गादीवाला. हॉल हसत होता. शेवटी तिनं विंगेतून रिकामं टोपलं आणलं, डोक्यावर ठेवलं, ओढणीचं टोक दातात धरलं आणि कंबरेत किंचित वाकून म्हणाली, "घाटे भरले वोऽऽ."

हुबेहूब. इतकं हुबेहूब, की मी दाराकडं पाहिलं.

हॉल फुटला. मुलांनी शिट्ट्या मारल्या, वन्स मोअर झाला. माझ्या शेजारची मुलगी हसताहसता माझ्या खांद्यावर पडली आणि मी तिला सावरलं. मी टाळ्याही वाजवल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मी वाजवल्या नसत्या तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ प्रत्येकाच्या स्टेटसला होता, कुणीतरी खाली ढोलकीही जोडली होती. महिनाभर कॉलेजच्या जिन्यात मुलं एकमेकांना "वोऽऽ" करून हाक मारत होती आणि प्रत्येक "वोऽऽ"ला माझी मान वळत होती.

नेमक्या त्याच आठवड्यात मायला सर्दी होऊन तिचा घसा बसला. मी तिला एका घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. तेही मीच सुचवलं. माय नको म्हणत होती. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला. मायचं टोपलं बाहेर व्हरांड्यात ठेवलेलं होतं, गाय तोंड घालेल म्हणून ती लगेच बाहेर गेली. डॉक्टर मला म्हणाले, "काही विशेष नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगा, चार दिवसांत मोकळा होईल." एका कागदावर इंग्रजीत दोन गोळ्या लिहून दिल्या.

आमच्या घरात आलेला कुठलाही कागद मीच वाचते. सातबारा, विजेचं बिल, लग्नपत्रिका, पिकाच्या विम्याचा फॉर्म, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर. मी वाचते आणि ते दोघं माझ्या तोंडाकडं बघत राहतात. मी सातवीत असल्यापासून हे चालू आहे.

स्टेशनकडं चालताना मायनं बसक्या आवाजात विचारलं, "काय म्हणले गं सवे?"

"ओरडायचं बंद म्हणले."

"किती दिवस?"

"बंदच. आवाजाला जपायचं म्हणले. न्हाई तर..."

'न्हाई तर'च्या पुढं माझ्याकडं काही नव्हतं. मी तयारी केली नव्हती. मी ते वाक्य तसंच सोडून दिलं आणि रिक्षाला हात केला.

रिक्षात बसल्यावर मायनं टोपलं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "मंग ढाळे कसे इकू?"

"मी करते काहीतरी."

मी काय केलं, तर मोबाइलच्या दुकानातून एक छोटा, बॅटरीवर चालणारा भोंगा आणला आणि गच्चीवर जाऊन माझा आवाज भरला. वक्तृत्व स्पर्धेत मला एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. तोच आवाज काढला. "नमस्कार! ताजे, हिरवेगार हरभरे आता आपल्या दारात! कृपया लाभ घ्यावा!" सात वेळा भरलं. सहाव्यात 'हरभरे'चा उच्चार मला गावचा वाटला, म्हणून सातवं. मायनं ते ऐकलं आणि म्हणाली, "लई गोड बोलती गं तू. रेडिओवानी." तिच्या चेहऱ्यावर खरंच अभिमान होता. ते मला तेव्हा बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडद्याआडून बघत होते. माय कोपऱ्यावर वळली. तोंड मिटलेलं, डोक्यावर टोपलं, आणि ढाळ्यांमधून माझा आवाज येत होता. नमस्कार. ताजे, हिरवेगार. कृपया लाभ घ्यावा. धडाधड दारं उघडली. क्षणभर मला वाटलं, जमलं. मग दिसलं की प्रत्येक बाईच्या हातात बादली आहे. एक हिरवी, एक निळी. निकिताच्या मम्मी केळीच्या सालांची बादली घेऊन धावतच आल्या.

"आज गाडी एवढ्या जल्दी कशी काय आली?" त्या म्हणाल्या आणि मायला बघून थांबल्या. "अगं बाई! तुम्ही आहात होय? आम्हाला वाटलं, कचऱ्याची गाडी!"

सगळ्या हसल्या. माय पण हसली. हळूच म्हणाली, "ढाळे हायेत बाई."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

मायनं गळ्याला हात लावून दाखवला.

मास्तर खिडकीतून म्हणाले, "आज दातांची चौकशी नाही का हो?" मायनं त्यांनाही गळा दाखवला. टोपल्यातून मी म्हणाले, "नमस्कार!" भोंगा बंद कसा करायचा ते मी तिला नीट दाखवलं नव्हतं. बटण खालच्या बाजूला होतं. ती एका हातानं टोपलं सावरत दुसऱ्या हातानं चाचपत राहिली. शेवटी तिनं दोन-चार जुड्या उचलून भोंग्यावर दाबल्या. माझा आवाज ढाळ्यांखाली दबला, पण थांबला नाही. खाली जाऊन बटण दाबायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. प्रतीक्षा मागून म्हणाली, "काय झालंय गं खाली?" मी म्हणाले, "काही नाही, कचऱ्याची गाडी," आणि पडदा सरळ केला.

आठवड्याभरात मायनं भोंगा परत दिला. "तुझा आवाज उगं वाया जाऊन राह्यला," असं म्हणाली. उरलेला हरभरा तिनं बदनापूरच्या एका व्यापाऱ्याला शेतातूनच दिला. जालन्याला येणं बंद केलं. फाटकाच्या कडीला काही लटकेनासं झालं आणि मला मोकळं वाटलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा वाटलं होतं.

त्यानंतरचं वर्ष मी आता पुन्हा पुन्हा उलगडून बघते. प्रत्येक वेळी काहीतरी सापडतं.

आमचं शेत घरापासून चार बांध पलीकडं आहे. माय ओट्यावर उभी राहून दादांना जेवायला हाक मारायची, ती चारही बांध ओलांडून जायची. उन्हाळ्यात मी घरी गेले तर ती ओट्यावर उभी राहून उलथन्यानं पितळी वाजवत होती. दादा शेतातून हात हलवत आले. "तुझ्या मायनं शाळा काढली," ते मला म्हणाले. मी हसले.

वैशाखात चुलतबहिणीचं लग्न झालं. हळदीची गाणी आमच्याकडं मायच उचलते. ती पहिली ओळ म्हणते आणि मग बायका धरतात. त्या दिवशी बायका बसून राहिल्या. शेजारची शांताकाकू म्हणाली, "अगं गंगे, उचल की! मुहूर्ताला बसवून ठिवती का काय?" मायनं मान हलवली. मग कुणीतरी मोबाइलला स्पीकर जोडला आणि सिनेमातल्या गाण्यांवर हळद लागली. तरुण पोरी नाचल्या, मीही नाचले. माय जात्यापाशी बसून होती आणि तिचे ओठ हलत होते. मी ते पाहिलं आणि नाचत राहिले.

दिवाळीत गेले तर दादा चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. भाकरीला चारी बाजूंनी फाटे फुटले होते. मी व्हिडिओ काढला. माय म्हणाली, "शिकू दे. कामी येतंय." त्याच सुट्टीत तिनं मला उतरंडीतली बियांची गाठोडी दाखवली. "हे दोडक्याचं. हे चवळीचं. ह्या गाठीचं गवारीचं. ध्यानात ठीव." मी म्हणाले, "माय, एवढी बियाण्याची गोदामं जालन्यात असताना हे कशाला?" ती म्हणाली, "आसू दे." मग सहज विचारल्यासारखं, "तुझं आजून किती राह्यलं गं कॉलेज?" मी म्हणाले, दीड वर्ष. "दीड वर्स," ती म्हणाली आणि गाठ मारत राहिली. मी फोनमध्ये बघत होते.

तिची ठेवणीतली निळी साडी शांताकाकूच्या अंगावर दिसली, तेव्हाही मी काही विचारलं नाही.

यंदा पौष लागला. मीठ आलं, भंगार आलं. डिसेंबरात पडलेली थंडी जानेवारीत जरा मागं सरली, असं लोक म्हणतात, मला तर गार वाटतं. पुन्हा गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या. एक दिवस प्रतीक्षा खिडकीत उभी राहून म्हणाली, "ती ढाळेवाली मेली का काय गं? गेल्या वर्षी मध्येच गायब झाली."

मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

"मला तिच्याकडून नीट शिकायचं होतं," ती म्हणाली. "ते 'वो' मला शेवटपर्यंत जमलं नाही. खाली येताना ती काहीतरी करायची. लोक हसले म्हणून चालून गेलं. हसण्यासारखं नव्हतं गं ते, अवघड होतं."

मला वर्षभर वाटत होतं की प्रतीक्षानं मायची टिंगल केली. त्या टिंगलीमुळं मला ते खोटं बोलावं लागलं, अशी मी माझी समजूत घातली होती. तीही आता उरली नाही.

"ती माझी आई आहे," मी म्हणाले.

प्रतीक्षा हसली. मग हसायची थांबली. "मग तू टाळ्या का वाजवल्यास?" तिनं विचारलं. मला वाटलं होतं, ती रागवेल किंवा सॉरी म्हणेल. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून ती विचारत होती.

रविवारी मी गावी गेले. माय हरभऱ्यात होती. व्यापारी येणार होता म्हणून आम्ही दोघी ढाळे उपटत होतो. मी माझ्या ओळीत मागं पडले होते. बोलायचं कसं, हे गाडीत ठरवलं होतं, ते सगळं विसरले.

"माय, डॉक्टर तसं म्हणले नव्हते."

"कोणते डॉक्टर?"

"मागच्या वर्षीचे. ओरडू नका असं ते म्हणलेच नव्हते. मीच म्हणलं."

तिनं आणखी दोन-तीन ढाळे उपटले, मुळांची माती झटकली. "मंग काय म्हणले व्हते?"

"गुळण्या करा म्हणले. चार दिवसांत बरं होतंय."

"बस?"

"बस."

"मंग मला बाहेर कामून घातलं व्हतं त्यानं?"

"घातलं न्हाई गं. तू टोपलं बघायला गेल्तीस."

"तुलाच सांगितलं त्यानं. मला न्हाई." ती उभी राहिली. वर्षभरात तिचा साधा बोलायचा आवाजही खाली गेला होता, जवळ सरकावं लागायचं. "शांतीच्या सासऱ्याला असंच झाल्तं. आधी म्हणले बोलू नका. मंग गळ्याला नळी लावली. आठ महिन्यांत गेला. तू 'न्हाई तर' म्हणली अन् गप झाली, तवाच मी वळखलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी बांधावर बसले.

"मला वाटलं, तुला म्हाईत हाय. तुझी परीक्षा व्हती. लेकराला कशाला इचारावं म्हणून मी पण गप बसले. तुझ्या दादाला बी न्हाई सांगितलं. शांतीला तेवढं सांगितलं."

वर्षभर. भाकरी, गाठोडी, निळी साडी, दीड वर्स. एकेक गोष्ट माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि मी त्या प्रत्येकीच्या वेळी काय करत होते, तेही. नाचत होते, व्हिडिओ काढत होते.

"कामून पण?" मायनं विचारलं.

"लाज वाटायची."

"ढाळ्याची?"

"आवाजाची."

तिनं यावर खरंच विचार केला. कुठलाही प्रश्न आला की ती करते तसा, कपाळाला आठी घालून. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"तवा खरं बोलल्ती का आता बोलून राह्यली?"

"आता, माय. आईच्यान आता."

"तवा बी असंच बोलल्ती तू," ती म्हणाली. "असंच तोंड करून."

माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. डॉक्टरांचा तो कागद घरात कुठंतरी असता, तरी तो इंग्रजीत होता आणि वाचून मीच दाखवला असता. आपल्याला दिलासा द्यायचा म्हणून पोरगी आता खोटं बोलतेय, मरायच्या आधी मायचं मन हलकं करतेय, असं तिला वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं? आम्ही राहिलेली ओळ उपटली. व्यापाऱ्याचा टेम्पो आला. तो ओरडून काहीतरी विचारत होता आणि माय त्याला हातानं खुणा करत होती. माझं खरं सांगून झालं होतं, तरीही.

सोमवारी आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडं गेलो. नंबर लागला तसं मायनं मला हातानं थांबवलं.

"तू बस हितं."

मी बाकावर बसले. दार लागलं. आतलं काही ऐकू येत नव्हतं, वर पंखा बंद होता तरी. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर फाईल, गळ्यात चष्म्याची दोरी. बहुतेक शिक्षिका असाव्यात. भिंतीवर कानाच्या आतलं एक मोठं चित्र होतं. मी त्याचे सगळे भाग वाचून काढले, पुन्हा वाचले. माय आत बराच वेळ होती. एवढा वेळ का लागतोय, असं मनात आलं. काहीतरी खरंच निघालं तर? मी खोटं बोलले होते हे मला माहीत होतं, तरी त्या बाकावर मला मिनिटभर खात्री वाटेना.

दार उघडलं. मायच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिच्या हातात कागद होता.

"मी म्हणलं, मराठीत लिव्हा," ती म्हणाली आणि कागद माझ्यापुढं धरला. "वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. "घसा व्यवस्थित आहे. कोणताही आजार नाही. मोठ्याने बोलण्यास हरकत नाही." खाली सही होती. मी सहीसुद्धा वाचली.

मायनं कागद माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, घडी करून ठेवेल. ती शेजारच्या बाईंकडं वळली.

"बाई, येवढं वाचून दाखवता का?"

त्या बाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं. मी आत्ताच मोठ्यानं वाचलेलं त्यांनी ऐकलं होतं. मग त्यांनी चष्मा लावला आणि हळूहळू, बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. माय कागदाकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, आणि त्यांचा एकेक शब्द माझ्या शब्दाशी जुळतोय का, ते ऐकत होती.